फलाटावरचा डबा

माझ्या धाकट्या बहिणीला दौंड मिळालं आणि मला न्हावरं. आम्ही ख्रिस्ती माणसं. दोघींची लग्नं शिरूरच्या जुन्या मिशनच्या देवळात एकाच दिवशी लागली. पाळकसाहेब तेच, मांडव तोच, जेवणाची पंगतही तीच. फरक एवढाच, की तिचा नवरा रेल्वेत फिटर होता आणि माझा रांजणगावच्या कंपनीत मशीनवर. त्या दिवशी मला हा फरक फारसा मोठा वाटला नव्हता. मग पहिल्यांदा तिच्या घरी गेले. रेल्वे कॉलनीतलं छोटंसं घर, आम्ही चहा पीत बसलेलो, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडीची शिट्टी आली. धाकटी मान वर न करता म्हणाली, “सोलापूरकडं चालली.” तेव्हा मला कळलं की मी फसले.

तिचा मला हेवा वाटतो. हे मी लाजत सांगत नाहीये. माझी सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून गेली, त्यामुळे रोगाचं नाव घ्यायला मी कचरत नाही. हेवा साखरेच्या आजारासारखा असतो, वाढतो, कमी होतो, पण अंगातून जात नाही. तिच्या साडीचा, सोन्याचा, पोराबाळांचा हेवा मी कधी केला नाही. मला हेवा होता तो तिच्या गाडीचा.

आमच्या शिरूर तालुक्यात रेल्वे नाही. येणार येणार म्हणून माझे वडील तरुण असल्यापासून ऐकतेय. अधूनमधून जीपमधून माणसं येतात, दुर्बीण लावतात, उसाच्या बांधावर एखादा दगड रोवून जातात. मग त्या दगडाला शेळ्या अंग घासत राहतात, एवढाच त्याचा उपयोग. न्हावऱ्याहून कुठं जायचं तर एसटी, नाहीतर कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसायचं. एसटीचं मी वाईट बोलणार नाही, तिनंच मला नोकरीला नेलं-आणलं. पण एसटीत बसलेलं माणूस फक्त कुठंतरी पोचत असतं. गाडीत बसलेलं माणूस प्रवास करत असतं.

आणि धाकटीला वर्षाचे फुकट पास मिळायचे! नवरा-बायको-पोरं, कुठंही जा. तर तिचा नवरा, आमचे भावजी, म्हणायचे, “दिवसभर गाड्यांखालीच असतो मी. सुट्टीतबी त्यातच बसू व्हय?” पास कपाटात तसेच पडून राहायचे आणि मुदत संपली की वाया जायचे. हे ऐकलं की माझं रक्त उकळायचं. मला मिळाला असता तो पास, तर मी कन्याकुमारीपर्यंत जाऊन समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून आले असते. ती मात्र दौंडातच.

पण पासाचंही सोडा. खरं दुखणं डब्याचं होतं.

दौंड जंक्शन आहे. गाडी तिथं जरा निवांत थांबते. नगरकडं जाणाऱ्या गाडीचं तर तिथं इंजिन काढून मागल्या टोकाला लावायचे. आता पुष्कळ गाड्या दौंड स्टेशनात न शिरता बाहेरच्या बाहेर कॉर्ड लाईनवरून जातात, याचा धाकटीला कोण राग. तर आमच्या नात्यागोत्यात एक रीत पडून गेलेली. कोणाचीही गाडी दौंडवरून जाणार असली की दौंडच्या घरी आधी कळवायचं, आणि दौंडच्या घरानं डबा घेऊन फलाटावर उभं राहायचं. घरी यायचं नाही, मुक्काम नाही, पाहुणचार नाही. नुसतं खिडकीशी बोलायचं, डबा आत द्यायचा, मागच्या खेपेचा रिकामा डबा परत घ्यायचा. गाडी हलली की हात हलवायचा. सोलापूरचे काका, मुंबईची चुलत जाऊ, मिरजेला नर्सिंगला गेलेल्या भाच्या, सगळ्यांनी तो डबा खाल्लाय. सुकं मटण, पेपरात गुंडाळलेल्या मऊ चपात्या, ठेचा, चिरलेलं लिंबू, कांदा. कोणाची कुठली बोगी कुठं थांबते ते तिला पाठ. उन्हात, पावसात, तापानं फणफणलेली असतानासुद्धा ती गेलेली आहे.

त्यामुळे झालं काय, की सगळं गणगोत तिचं झालं. नाताळला शिरूरच्या देवळाबाहेर आम्ही सगळे जमलो की एकच विषय. “दौंडला गाडी शिरली की आमचं पोट आपोआप भुकेजतं,” काका म्हणणार. “मावशीचा डबा उघडला की अख्खी बोगी वळून बघती,” भाची म्हणणार. मी शेजारी उभी. मला म्हणणार, “तुमच्याकडं यायचं फार दिवस राह्यलंय बघा.” राहिलंय तर राहिलंय. न्हावरं कोणाच्या वाटेवर नाही. न्हावऱ्याला मुद्दाम यावं लागतं, आणि मुद्दाम कोण येतं?

आता ऐका. त्या डब्यातला मसाला माझा. दरवर्षी उन्हाळ्यात मिरची, खोबरं, धणे, दगडफूल वाळवून, एकेक जिन्नस वेगळा तेलावर परतून, ठसका लागून डोळे लाल करून घेऊन मी काळा मसाला करते आणि अर्धा दौंडला पोचवते. कांदाही आमच्याच रानातला. म्हणजे आख्खी बोगी जो वास घेऊन वळून बघते, तो वास न्हावऱ्याचा. आणि कौतुक कोणाचं? दौंडचं.

अन् मला स्वतःला तो डबा फलाटावर कधीच मिळाला नाही. कुठं जायचं झालं तर मी एसटीनं दौंडला येणार, तिच्या घरी पाटावर बसून जेवणार, आणि मग गाडीत बसणार. जेवण तेच, मटण तेच. पण ते घरचं जेवण झालं. गाडी थांबल्यावर माझ्यासाठी कोणीतरी बोग्यांचे नंबर बघत धावत येतंय, ‘आक्का, आक्का’ म्हणून हाक मारतंय, हे मला एकदा हवं होतं. बाई साठीला आली आणि तिला काय हवंय बघा. पण हवं होतं.

मागच्या वर्षी माझ्या लेकीच्या बाळाचा बाप्तिस्मा ठरला. लेक बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत असते. तिनं फोन केला, “आई, विमानाची तिकिटं काढते तुमची दोघांची.” पण माझ्या नवऱ्याच्या कानाचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, इतक्यात विमान नको. नवऱ्यानं जरा जास्तच आनंदानं मान हलवली. “मी आपला गाडीनं जातो. दौंडची हायतीच सोबतीला.” धाकटी आणि भावजी गाडीनंच निघणार होते, निवृत्तीनंतरचा पास होता, आणि या खेपेला भावजी चक्क तयार झाले होते.

मी म्हणू शकले असते की मीही गाडीनं येते. म्हणाले नाही. का, ते सांगते. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडं असं काही आलं होतं जे तिच्याकडं नव्हतं. मी फोन लावून तिला सांगितलं, “तुमी रात्रभर हिंदकळत या. मी तवर पोचून, झोपून, उठून चहा पीत आसंन.” ती म्हणाली, “व्हय आक्का. वरनं आमची गाडी दिसली तर हात कर.” मला वाटलं तिला लागलं. मी खूश.

पुण्याच्या विमानतळावर नवरा सोडायला आला, त्याची गाडी नंतर होती. दारात बंदूकवाला जवान उभा. त्यानं माझं तिकीट बघितलं आणि नवऱ्याला हातानंच थांबवलं. झालं, तिथंच निरोप. धड बोलणं नाही, मागून माणसांच्या चाकाच्या बॅगा टाचेवर येतायत. मी आत गेले, वळून बघितलं तर काचेत माझंच तोंड. गाडीत निरोप द्यायला ऐसपैस वेळ असतो. सगळं बोलून होतं, ‘पोचल्यावर फोन कर’ तीनदा सांगून होतं, तरी गाडी हलत नाही. मग दोघंही काही न बोलता एकमेकांकडं बघत उभे राहतात, आणि ते संपत आलं की गाडी सुटते. मला ते उभं राहणं फार आवडतं. इथं त्याला जागाच ठेवलेली नाही.

पुढं तपासणी. माझी हातातली पिशवी त्या यंत्रातून गेली आणि परत मागं आली. एका मुलीनं आत हात घालून बरणी काढली. काळा मसाला. मोठ्या बॅगेत सांडेल म्हणून मी तो जिवापाड हातात धरून आणलेला, लेकीसाठी, शिवाय बाप्तिस्म्याच्या जेवणासाठी.

“मॅडम, ये अंदर नहीं जाएगा.”

“आगं, मसाला हाय. खायचा.”

“मिर्ची है ना? केबिन में अलाउड नहीं.”

मी तिला समजावलं, रागावले, मग विनवलं. मागची रांग उसासे टाकायला लागली. शेवटी तिनं ती बरणी शेजारच्या पिंपात ठेवली. टाकली नाही, हळूच ठेवली, हे तिचं मला बरं वाटलं. पण ठेवली ती पिंपातच. त्या पिंपात लायटर होते, कात्र्या होत्या, आणि न्हावऱ्याचा वर्षाचा मसाला होता.

विमानात मला मधली जागा. खिडकीशी एक पोरगा कानात बोंडं घालून डोळे मिटून बसलेला. एवढी खिडकी मिळून झोपतो! मी त्याच्यावरून वाकून वाकून बघितलं. विमान दक्षिणेकडं जातं हे मला ठाऊक होतं, तरी मी खाली दौंड शोधलं. आधी घरं काडेपेट्यांएवढी, मग शेतं, मग ढग, मग काही नाही. पलीकडच्या बाईला मी विचारलं, “कुठल्या तुम्ही?” ती हसली आणि फोनमधला सिनेमा बघायला लागली. कोणी डबा उघडला नाही. कशाचा वास आला नाही. गाव नाही, पूल नाही, चहावाला नाही. शेजारी कोण होतं ते मला आज रस्त्यात दिसलं तरी ओळखू येणार नाही. उतरल्यावर जावईबापू टॅक्सी घेऊन आले होते. विमानात बसले त्यापेक्षा जास्त वेळ मी त्या टॅक्सीत बसले.

“कसा झाला प्रवास?” लेकीनं विचारलं.

“झाला.”

यापुढं मला काही सांगताच येईना. सांगायला काही घडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिघं आले. अवतार बघण्यासारखे. केस विस्कटलेले, कपडे चुरगळलेले, आणि दारातूनच हसत आत. माझा नवरा हसत होता. हा माणूस कंपनीच्या शिफ्टांनी बोलायचं विसरलेला. रात्रपाळी करून यायचा, जेवायचा, झोपायचा. निवृत्त झाल्यावर मला वाटलं आता बोलेल, तर तेव्हा टीव्ही घेतला. आणि तो आता चप्पल काढता काढता लेकीला सांगत होता, “आगं, आमच्या बोगीत एक रायचूरचा माणूस हुता. बूट चोरीला जातील म्हनून उशीखाली घालून झोपला. आन् सकाळी उठून बूट हुडकतोय! आम्ही समदे वाकून, बॅटऱ्या लावून, सीटखाली. टीसीसुद्धा वाकला.”

“आन् हे म्हनले,” धाकटी माझ्या नवऱ्याकडं बोट करून म्हणाली, पण हसू आवरेना म्हणून तिला पुढं बोलता येईना. भावजींनी पुरं केलं, “हे म्हनले, साहेब, एकदा उशी बघा.”

पुढचे चार दिवस त्या घरात हेच. चष्मा सापडत नाही, उशी बघा. बाळाचं टोपडं कुठंय, उशी बघितली का? लेक हसायची, जावई मराठी नसूनही हसायचे. मीही हसायचे. पण गोष्ट ऐकलेल्या माणसाचं हसणं वेगळं आणि त्या बोगीत वाकून बूट शोधलेल्याचं वेगळं. सोलापूरला धाकटीच्या ओळखीचं कोणीतरी शेंगाचटणी अन् कडक भाकरी घेऊन आलं होतं म्हणे. गाणगापूरच्या पुढं समोरच्या कुटुंबातल्या आजोबांनी अभंग म्हटला, आणि मग आमच्या ह्यांना आग्रह झाला, आणि ह्यांनी भजन म्हटलं. देवळात तरुणपणी म्हणायचे ते. आख्खी बोगी टाळ्या वाजवत होती, म्हणे.

“तुमी गायलात?” मी विचारलं.

“त्यात काय,” ते म्हणाले. “गाडीत हुतं तसं.”

मी ते भजन लग्नाआधी ऐकलंय. त्या भजनावरच मी लग्नाला हो म्हटलं होतं. लग्नानंतर एकदाही ऐकलं नव्हतं. आणि ते रायचूरच्या बूटवाल्यानं ऐकलं, धाकटीनं ऐकलं, आणि मी तेव्हा लेकीच्या घरी झोपून, उठून, चहा पीत होते.

बाप्तिस्मा चांगला झाला. बाळ रडलं नाही. घरी पंगत बसली, वीसेक माणसं, लेकीच्या ऑफिसातली, चर्चची. मटण धाकटीनं केलं होतं. मसाला तिनं गाडीतून आणला होता, कारण गाडीत मसाल्याला कोणी पिंपात ठेवत नाही. लोक बोटं चाटत होते. लेकीनं सगळ्यांसमोर धाकटीच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, “मावशीच्या हाताला चवच वेगळी आहे. आम्ही लहानपणापासून दौंडच्या जेवणावर वाढलोय.”

माझी स्वतःची लेक.

“मसाला माझा हाय,” मी म्हणाले. जरा मोठ्यानंच. “चव हाताला नसती, मसाल्याला असती. गेली तीस वर्सं माझ्या मसाल्यावर हिचं नाव चाललंय. हिच्या दारात गाडी थांबती, एवढंच हिचं कर्तृत्व.”

पंगतीतले हात ताटातच थांबले. मराठी न कळणाऱ्यांचेसुद्धा. धाकटीनं हातातली पळी पातेल्यात ठेवली. तिचा चेहरा पडलेला बघून मला वाटायला हवं होतं तसं वाईट वाटलं नाही. आणखी बोलावंसं वाटलं.

ती हळू आवाजात म्हणाली, “आक्का, तू कवा फलाटावर हुबी राह्यलीस का? गाडी गेल्यावर?”

“मी कशाला राहू? माझ्याकडनं गाडी जात न्हाई.”

तिनं पळी परत उचलली आणि वाढायला लागली. दुसऱ्या दिवशी ती आणि भावजी ठरल्याप्रमाणं निघाले. जाताना माझ्या पाया पडली, पण डोळ्याला डोळा दिला नाही. आम्ही दोघं अजून आठवडाभर राहणार होतो.

त्या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे लेकीला माझं परतीचं विमान रद्द करायला लावलं. “मी ह्यांच्याबरोबर गाडीनं जानार.” दुसरी म्हणजे गाडीचं तिकीट दौंडपर्यंत न काढता पुण्यापर्यंत काढायला लावलं.

“अगं आई, पुण्याला जाऊन परत न्हावऱ्याला? उलटं पडेल. दौंडला उतरलात की तासाभरात घरी.”

“पुन्याहून शिरूरच्या गाड्या लई हायत,” मी म्हणाले. “आन् मावशीला सांगून ठेव. आम्ही दौंडवरनं जातोय म्हनावं. उतरनार न्हाई.”

लेकीनं माझ्याकडं बघितलं. नवऱ्यानं बघितलं. तो तीस वर्षं आमच्या नात्यात आहे, त्याला रीत ठाऊक आहे. तो म्हणाला, “आपन भांडलोय तिच्याशी. येईल का ती?”

“मी कुठं म्हनले यावं म्हनून?”

लेकीनं फोन केला. धाकटी फक्त “बरं” म्हणाली, असं लेकीनं सांगितलं. बरं म्हणजे काय? येते म्हणजे बरं, का जाऊ दे म्हणजे बरं? मी दोन दिवस त्या ‘बरं’वर काढले.

गाडीत मात्र माझी फजितीच झाली. मला वाटलं होतं आता बूटवाले भेटतील, आजोबा भेटतील. लेकीनं एसीचं तिकीट काढलेलं. समोर दोन पोरं लॅपटॉप घेऊन, वर कोणीतरी पांघरूण तोंडावर ओढून. नवरा जेवून झोपला. सकाळी मी त्यांना म्हणाले, “गा की.”

“असं सांगून गाता येतं व्हय?” ते म्हणाले, आणि चहा आणायला दारापाशी गेले.

मग मी खिडकीशी बसले. आणि तिथं मात्र गाडीनं माझी लाज राखली. काळी रानं, मग तुरी, मग नुसता खडक. फाटकाशी थांबलेला ट्रॅक्टर, त्यावर बसलेली माणसं आपल्याकडं बघतायत, आपण त्यांच्याकडं बघतोय, आणि दोघांनाही घाई नाही. सोलापूर गेलं. ह्यांनी शेंगाचटणीची पुडी आणली, कडक भाकरी मोडून दिली. समोरच्या पोरांना दिली, तर त्यातल्या एकानं लॅपटॉप बंद केला आणि ‘आजी, अजून आहे?’ म्हणून विचारलं. तो करमाळ्याचा निघाला. भिगवणजवळ धरणाचं पाणी लागलं, त्यात पांढरे पक्षी उभे. पोरगं, पुण्यात नोकरी करणारं, काचेला नाक लावून बघत होतं. विमानातून हेच पाणी दिसलं असतं तर एक ठिपका दिसला असता, आणि त्या ठिपक्यात पक्षी नसता.

पण माझं सगळं लक्ष पुढं होतं. दौंड जवळ आलं तसं मी पायांत चपला अडकवून बसले. एसीच्या बोगीला बंद काळपट काच. बाहेरून आतलं माणूस दिसत नाही, हाक मारली तर ऐकू येत नाही. मी उठून दारात जाऊन उभी राहिले. नवरा मागं येऊन म्हणाला, “पिशव्या घेऊ का? अजून उतरता येईल.”

“न्हाई.”

गाडी फलाटाला लागली. वडापाववाले, चहावाले, पाण्याच्या बाटल्या. शेजारच्या बोगीपाशी एक बाई धावत आली, हातात कापडी पिशवी. मी दारातून पुढं वाकले. ती दुसऱ्याच कोणाच्या तरी आत्याला भेटली. मी फलाटाच्या दोन्ही टोकांना बघितलं. धाकटी कुठंच नव्हती. आमची बोगी कुठं थांबते हे तिला कळत नाही असं व्हायचं नाही, म्हणजे ती आलीच नव्हती. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. लांबच्या काकाच्या जावयाला डबा, आणि सख्ख्या बहिणीला नाही. मग लक्षात आलं, मी काय बोलले होते. पण राग काही गेला नाही. दोन्ही एकदमच होतं.

“आक्का! आगं ए आक्का!”

ती मागच्या टोकाकडून येत होती. धावत नव्हती, आता तिला धावता येत नाही, पण पदर खोचून, माणसांना कोपरानं बाजूला सारत, डबा छातीशी धरून. त्या दिवशी गाडीच्या बोग्या उलट्या क्रमानं लागल्या होत्या. जन्मभर जे पाठ होतं तेच नेमकं माझ्या वेळेला चुकलं आणि ती आधी पार त्या टोकाला जाऊन थांबली होती.

“किती हाका मारल्या,” ती धापा टाकत म्हणाली. “काचेत कुनी दिसंना. समद्या खिडक्यांना हात लावून बघितलं.”

एवढं माझ्यासाठी. तिनं डबा वर केला, मी घेतला. गरम होता. तळव्यांना चटका बसला तरी मी तो हातातच ठेवला.

“तुझाच मसाला हाय,” ती म्हणाली. तिला टोमणा मारायचा होता की कौतुक करायचं होतं, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

“बरं,” मी म्हणाले.

मग काही बोलायला उरलं नाही. ती खाली उभी, मी दारात. मला आवडतं ते तसलं उभं राहणं. पुढं सिग्नल हिरवा झाला. धाकटीनं सवयीनं एक पाऊल मागं घेतलं आणि रिकामा हात वर केला, हलवायला. तो हात मी आजवर कधी बघितला नव्हता. तो बघायचा तर गाडीत असावं लागतं, आणि मी गाडीत असायचे तेव्हा तिच्या घरी जेवून, तिला घरीच ठेवून आलेली असायचे. तीस वर्षं ही बाई इथं हात हलवून, पाठमोरी होऊन, फाटकावरून एकटी घरी जात होती. कपाटात पास ठेवून. मला हेवा होता तो हिचा.

“चढ,” मी म्हणाले.

“काय?”

“वर ये. पुन्यापतूर.”

“येडी का काय तू? तिकीट न्हाई. घरी ह्यांचं जेवान...”

“भावजी भात करून खातील. टीसीचं मी बघते. चढ, गाडी सुटतीय.”

माझ्या नवऱ्यानं मागून पुढं होऊन हात दिला. धाकटीनं एकदा मागं फलाटाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि दांडा धरून वर आली. ती आत पाय ठेवते न ठेवते तोच गाडी हलली.

आम्ही जागेवर आलो. मी खिडकीशी बसायला वळले, तर धाकटी आधीच तिथं बसलेली. पदरानं काच पुसून, कपाळ टेकवून. बाहेर फलाट हळूहळू मागं चालला होता. पाण्याचा नळ, पंख्याखालचा बाक, चहाची टपरी, आणि तिथं हात हलवणारी ती कापडी पिशवीवाली बाई.

“इथनं असं दिसतं व्हय,” धाकटी म्हणाली.

करमाळ्याच्या पोरानं सरकून जागा दिली. मी डबा मांडीवर घेऊन उघडला आणि वास सुटला तशी वरच्या बर्थवरच्या माणसानं पांघरूण बाजूला केलं. हे खालच्या आवाजात काहीतरी गुणगुणायला लागले होते, मी तिकडं बघितलं नाही, बघितलं तर थांबतील म्हणून. पहिली चपाती मी धाकटीला दिली. ती खिडकीतून नजर न काढता खात राहिली, आणि मला ती खिडकी हवी होती.